सुधारलेल्या चुकांची वही

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९४७ साली 'मार्क-दोन' नावाच्या गणनयंत्राच्या चाचण्या चालू होत्या. ते आजच्यासारखे इलेक्ट्रॉनिक यंत्र नव्हते. त्यात हजारो रिले होते. रिले म्हणजे विद्युतचुंबकाच्या साहाय्याने उघडणारा आणि मिटणारा खटका. यंत्रावर काम करणारी मंडळी दिवसभरातल्या घडामोडी एका वहीत लिहीत. त्या वहीच्या ९ सप्टेंबरच्या पानावर दुपारी पावणेचार वाजताची एक नोंद आहे : 'एफ' पॅनेलमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला. तो पतंग चिकटपट्टीने त्याच पानावर चिकटवलेला आहे. आज हे पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

संगणकातील दोषाला 'बग' म्हणजे किडा का म्हणतात, हे सांगताना ही गोष्ट हमखास सांगितली जाते. खरे तर यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याहून बरीच जुनी आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही हा शब्द आढळतो. आपल्या दृष्टीने त्या पानावर पाहण्यासारखे दुसरेच काही आहे. दोष किती वाजता सापडला, कोणत्या पॅनेलमध्ये, कितव्या रिलेमध्ये आणि त्याआधी वीस मिनिटांनी कोणती चाचणी सुरू केली होती, हे सगळे तिथे ओळीने लिहिलेले आहे. एकच गोष्ट राहून गेली आहे. तारीख '९/९' एवढीच आहे, वर्ष लिहिलेले नाही. बऱ्याच ठिकाणी या घटनेचे वर्ष चुकीने १९४५ असे छापले गेले. त्या वर्षी तर हे यंत्र तयारही झालेले नव्हते!

अशा वहीला इंग्रजीत 'लॉगबुक' म्हणतात. 'लॉग' म्हणजे ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोराला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत आणि ठरावीक वेळात दोराच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. हे आकडे ज्या वहीत लिहायचे ती लॉगबुक. जहाजावरून हा शब्द यंत्रशाळेत आला आणि तिथून संगणकात. आज 'लॉग' म्हणजे यंत्राने स्वतःच लिहिलेली रोजनिशी. माणसाने लिहायची वही यंत्र स्वतः कसे लिहू लागले आणि ती वाचून यंत्राचा आजार कसा ओळखतात, याचा इतिहास या लेखात पाहू.

चूक सापडली, पुढे काय?

पतंग अडकला की रिले बंद पडतो, उत्तर चुकते आणि माणूस शोध घेतो. दोष मोठा असेल तर तो लपून राहत नाही. अवघड असतात ते दोष, जे क्षणभर येतात आणि जातात.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती काम करीत होते. १९४७ च्या सुमारास त्यांना तिथले रिलेचे गणनयंत्र शनिवार-रविवारी वापरायला मिळे. सुट्टीच्या दिवशी यंत्राजवळ माणूस नसे. यंत्राला आपली चूक ओळखता येई. पण चूक दिसली की ते हातातले गणित सोडून पुढचे गणित घेई. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंग यांना आपले गणित अर्धवट सोडलेले आढळले. यंत्राला चूक झाली हे कळते, तर ती कुठे झाली हे कळून ती दुरुस्त का करता येऊ नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केले. त्याला 'हॅमिंग संकेत' म्हणतात.

हा संकेत आठवी-नववीच्या वर्गातही फळ्यावर करून दाखवता येतो. सात घरे काढा आणि त्यांना १ ते ७ असे क्रमांक द्या. ३, ५, ६ आणि ७ या घरांत मूळ माहिती लिहायची. समजा ती अनुक्रमे १, ०, १, १ अशी आहे. १, २ आणि ४ ही घरे तपासणीसाठी. १, ३, ५, ७ या घरांत मिळून १ हा अंक सम वेळा यावा, असा अंक पहिल्या घरात लिहायचा. तसेच २, ३, ६, ७ यांच्यासाठी दुसऱ्या घरात आणि ४, ५, ६, ७ यांच्यासाठी चौथ्या घरात. आपल्या उदाहरणात सात घरे अशी भरतात : ०, १, १, ०, ०, १, १.

आता एखाद्या विद्यार्थ्याला कोणत्याही एका घरातला अंक गुपचूप बदलायला सांगा. समजा त्याने सहाव्या घरातील १ चा ० केला. तिन्ही तपासण्या पुन्हा करा. पहिली बरोबर येते, दुसरी आणि चौथी चुकते. चुकलेल्या तपासण्यांच्या क्रमांकांची बेरीज करा : २ + ४ = ६. चूक सहाव्या घरात आहे! या बेरजेला संगणकशास्त्रात 'सिंड्रोम' म्हणतात. वैद्यकात रोगाच्या लक्षणसमूहाला वापरतात तोच हा शब्द, आणि अर्थही जवळचाच. चूक कुठे आहे ते कळले की अंक उलटा करायचा. काम न थांबता पुढे चालू राहते.

पण या सोयीबरोबर एक अडचणही येते. चूक आपोआप दुरुस्त झाली की ती कोणालाच कळत नाही. रोज एकाच ठिकाणी चूक होत असेल आणि रोज ती दुरुस्त होत असेल, तर बाहेरून यंत्र ठणठणीत दिसते. एक दिवस त्याच शब्दात एकाच वेळी दोन बिट बिघडतात आणि मग हा संकेत पुरा पडत नाही. तेव्हा दुरुस्त झालेली चूकही कुठेतरी लिहून ठेवायला हवी.

युनिक्सची एक ओळ

त्याच बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली. १९७५ साली तिची सहावी आवृत्ती विद्यापीठांत पोचली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी छापून त्यांवर भाष्य लिहिले. पुढे कंपनीने त्याच्या प्रसारावर बंधन घातले, तेव्हा जगभरचे विद्यार्थी छायाप्रतींच्या छायाप्रती काढून ते वाचत राहिले. पुस्तकरूपाने ते उघडपणे प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडले. एका शिक्षकाने वर्गासाठी केलेल्या या टिपणांमुळे जुने युनिक्स आतून कसे होते, हे आपल्याला ओळ न् ओळ पाहता येते.

त्यात 'आरके' या डिस्कचा भाग पाहण्यासारखा आहे. या डिस्कची क्षमता जेमतेम अडीच मेगाबाइट होती. डिस्कवरून माहिती वाचताना चूक झाली, तर प्रणाली आधी संगणकाच्या कन्सोलवर एक छोटा संदेश छापते. कोणत्या उपकरणावर चूक झाली, त्यातल्या कितव्या ठोकळ्यावर आणि त्या क्षणी डिस्कच्या त्रुटिदर्शक रजिस्टरांत कोणते आकडे होते, एवढेच त्यात असते. मग ती पुन्हा वाचून पाहते. असे दहा वेळा करून पाहिल्यावरही जमले नाही, तरच ती वापरणाऱ्याला 'वाचता येत नाही' असे कळवते.

इथला क्रम लक्षात घ्यावा. आधी नोंद, मग दुरुस्तीचा प्रयत्न. तिसऱ्या प्रयत्नात वाचन जमले, तर वापरणाऱ्याला त्याची माहिती बिनचूक मिळते आणि काही घडले याचा त्याला पत्ताही लागत नाही. कन्सोलवर मात्र तीच डिस्क आणि तोच ठोकळा सांगणाऱ्या दोन ओळी उमटलेल्या असतात. यंत्र सांभाळणाऱ्याने त्या वाचल्या, तर डिस्क पूर्ण बिघडण्याआधी तिची नक्कल करून घेता येते.

त्या काळी कन्सोल म्हणजे बहुधा टेलिटाइप, टंकयंत्रासारखे कागदावर छापणारे यंत्र. त्यामुळे कागदाची गुंडाळी हीच नोंदवही. कागद जाऊन पडदा आला, तेव्हा वर सरकलेली ओळ गेली ती गेलीच. म्हणून प्रणालीच्या गाभ्याने आपले ताजे संदेश मेमरीतल्या एका छोट्या जागेत ठेवायला सुरुवात केली. ते वाचण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'डीमेसेज' हा आदेश आला. उपकरणांत त्रुटी आल्यावर प्रणालीने छापलेले संदेश दाखवणारा आदेश, अशीच त्याची ओळख जुन्या माहितीपुस्तिकेत आहे. मेमरीतली जागा लहान असल्याने नवे संदेश जुन्यांवर लिहिले जात. म्हणून ठरावीक वेळाने ते उचलून एका फाइलला जोडण्याची व्यवस्था करीत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एरिक ऑलमन यांनी 'सिसलॉग' लिहिला. ते तेव्हा 'सेंडमेल' हा पत्रव्यवहाराचा प्रोग्रॅम तयार करीत होते आणि सिसलॉग त्याचाच एक भाग होता. पण त्याची सोय इतकी मोठी होती, की पुढे सगळे प्रोग्रॅम आणि प्रणालीचा गाभाही आपले संदेश त्याच्याकडेच देऊ लागले. प्रत्येक संदेशाला वेळ, यंत्राचे नाव आणि तातडीची पायरी मिळाली. अशा आठ पायऱ्या आहेत. सर्वांत वरची आणीबाणीची, सर्वांत खालची दोष शोधताना लागणाऱ्या बारीकसारीक माहितीची.

सिसलॉगला आपल्या ओळी जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडेही पाठवता येतात. हार्डवेअरच्या निदानात याचे मोल फार. डिस्क बिघडते आहे ही नोंद त्याच डिस्कवर लिहायची म्हटले, तर नेमकी शेवटची, सर्वांत महत्त्वाची ओळ लिहिली जाण्याची खात्री नाही. शेजारच्या यंत्रावर ती सुरक्षित राहते. गंमत म्हणजे सिसलॉगच्या रूढ झालेल्या जुन्या मांडणीत महिना, दिवस आणि वेळ आहे, पण वर्ष नाही! मार्क-दोनच्या वहीतली उणीव इथेही राहिली. ती २००९ साली ठरलेल्या नव्या प्रमाणात दूर झाली.

ओळी कशा वाचायच्या?

बर्कलीचे युनिक्स 'व्हॅक्स' संगणकावर चाले. या संगणकाच्या मेमरीला हॅमिंग यांच्या पद्धतीची चूकदुरुस्ती होती. मेमरीत एखादा बिट बिघडून दुरुस्त झाला, की कन्सोलवर ओळ येई : अमुक मेमरी-नियंत्रक, 'सॉफ्ट ईसीसी', पत्ता अमुक, सिंड्रोम अमुक. 'सॉफ्ट' म्हणजे सुधारता आलेली चूक. पत्त्यावरून मेमरीतली जागा कळते, सिंड्रोमवरून बिट कळतो.

एका ओळीवरून काहीच ठरत नाही. दहा-वीस ओळी शेजारी शेजारी मांडल्या की आकृती दिसू लागते. प्रत्येक ओळीत तोच पत्ता आणि तोच बिट असेल, तर तिथली चिप खराब आहे. पत्ते वेगवेगळे, पण सगळे एकाच मेमरीपट्टीवरचे असतील, तर पट्टी किंवा ती बसवलेली खाच संशयित. पत्ते आणि बिट दोन्ही विखुरलेले असतील, एकही पुन्हा येत नसेल, तर कारण बहुधा चिपच्या बाहेरचे. डिस्कच्या बाबतीतही तसेच. तोच ठोकळा पुन्हा पुन्हा आला तर पृष्ठभागावर डाग. एकाच केबलवरच्या दोन डिस्क एकाच मिनिटाला तक्रार करू लागल्या, तर दोन्ही डिस्क एकदम बिघडल्या असे न मानता आधी केबल आणि वीजपुरवठा तपासावा. त्रुटी रोज ठरावीक वेळेलाच येत असतील, तर त्या वेळी त्या खोलीत काय चालते ते पाहावे. डॉक्टर तापाचा तक्ता पाहतात, एकच आकडा पाहत नाहीत, तशीच ही पद्धत आहे.

चौतीस वर्षांनी मिळालेले उत्तर

विखुरलेल्या त्रुटींचे बाहेरचे कारण कोणते, हा प्रश्न सत्तरच्या दशकात उघडाच होता. १९७६ साली अमेरिकेतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत पहिला 'क्रे-१' हा महासंगणक चाचणीसाठी आणला गेला. तेव्हा त्यावर युनिक्स नव्हते. क्रे कंपनीची युनिक्सवर आधारलेली प्रणाली ऐंशीच्या दशकात आली. या पहिल्या यंत्राच्या मेमरीत चूक ओळखण्याची सोय होती, दुरुस्त करण्याची नव्हती. सहा महिन्यांच्या चाचणीत मेमरीच्या १५२ त्रुटी नोंदल्या गेल्या. पुढच्या क्रे-१ यंत्रांना चूकदुरुस्ती देण्यात आली आणि प्रश्न व्यवहारापुरता मिटला. पण नोंदी राहिल्या.

दरम्यान १९७८-७९ मध्ये इंटेल कंपनीतील टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या आवरणाच्या पदार्थातच युरेनियम आणि थोरियम यांचा सूक्ष्म अंश असतो आणि त्यातून निघणारा अल्फा कण मेमरीतला बिट उलटवू शकतो. १९७९ मध्येच जेम्स झिगलर आणि विल्यम लॅनफर्ड यांनी हिशोब मांडला, की अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळेही असे होऊ शकते. हे किरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉनसारख्या दुय्यम कणांचा वर्षाव होतो. हवेचा थर हे कण अडवतो, म्हणून समुत्सपाटीपेक्षा उंच ठिकाणी ते जास्त असतात. लॉस ॲलामॉस समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे.

२०१० साली यूजीन नॉर्मंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या त्या नोंदी पुन्हा बाहेर काढल्या. त्या उंचीवर न्यूट्रॉन किती, त्या काळच्या चिपांवर त्यांचा परिणाम किती, याचा हिशोब करून त्यांनी दाखवले, की त्या त्रुटींचे स्पष्टीकरण वैश्विक किरणांतून आलेल्या न्यूट्रॉनांनी होते. १९७६ साली नोंदी करणाऱ्यांना कारण माहीत नव्हते. माहीत नसतानाही त्यांनी त्रुटी मोजून लिहून ठेवल्या, म्हणून चौतीस वर्षांनी त्यांचा अर्थ लावता आला.

नोंदींनी मोडलेला समज

वैश्विक किरणांची ही कल्पना इतकी पसरली, की मेमरीतील चूक म्हणजे आकाशातून आलेला पाहुणा, चिपचा दोष नव्हे, असा समज रूढ झाला. तो तपासायलाही नोंदीच कामी आल्या. लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली १९९१ साली आली आणि अशा प्रणालीवर चालणारी हजारो यंत्रे एकेका संगणककेंद्रात उभी राहिली. गूगल कंपनीच्या यंत्रांच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासून बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वुल्फ-डीट्रिच वेबर यांनी २००९ साली निष्कर्ष मांडले. वर्षाकाठी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक तरी दुरुस्त झालेली चूक आढळली. पण मेमरीच्या पट्ट्या मोजल्या, तर चुका आठ टक्क्यांहून थोड्या अधिक पट्ट्यांतच होत्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. पाऊस सगळ्या छपरांवर पडतो. एकच कौल वारंवार गळत असेल, तर दोष कौलात आहे. या यंत्रांतील बहुतेक चुका कणांमुळे नव्हे, तर मेमरीतल्याच कायमच्या दोषांमुळे होत होत्या.

डिस्कविषयी त्याच कंपनीतून २००७ साली असाच अभ्यास आला होता. त्यात एक लाखाहून अधिक डिस्क होत्या. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली त्रुटी आढळल्यावर पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. म्हणजे पहिल्याच ओळीकडे दुर्लक्ष करू नये. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी त्रुटींच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. वही कोरी आहे, म्हणून यंत्र निरोगी आहे असे म्हणता येत नाही.

याचे टोकाचे उदाहरण २०२१ साली फेसबुक कंपनीच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केले. एका यंत्रात फाइली उलगडताना काही फाइलींचा आकार शून्य येत होता आणि त्या गायब होत होत्या. यंत्राने कसलीच त्रुटी नोंदवली नव्हती. शोध घेता घेता दोष प्रोसेसरच्या एका गाभ्यात सापडला. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग सांगायचा, तर तो गाभा शून्य हे उत्तर देत होता. खरे उत्तर १५६ आहे. विद्यार्थ्यांनी गणकयंत्रावर करून पाहावे. हॅमिंग यांच्या सात घरांत तपासणीसाठी तीन जादा घरे होती, म्हणून चूक कळली. इथे उत्तर पडताळणारे दुसरे कोणीच नव्हते. यंत्राला जे जाणवते तेवढेच ते लिहिते. आपण चुकलो हे त्याला कळलेच नाही, तर वहीत ओळ कुठून येणार?

शाळेच्या संगणक-कक्षात लिनक्सचे यंत्र असेल, तर डीमेसेज हा आदेश आजही देऊन पाहता येतो. काही ठिकाणी त्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी लागते. यंत्र सुरू होताना मेमरी, डिस्क, कळफलक यांची हजेरी कशी लागते, ते त्यात ओळीने दिसते. विद्यार्थ्यांना आठवडाभर रोज त्यातल्या त्रुटींच्या ओळी वेळेसह उतरवून घ्यायला सांगावे आणि शेवटी त्यांत काही आकृती दिसते का, ते पाहावे. काही दिसले नाही, तर तेही वर्षासह लिहून ठेवावे.

असेच आपल्या प्रयोगवह्यांकडेही पाहता येईल. प्रयोग करताना एखादे वाचन विचित्र येते, विद्यार्थी ते खोडतो, पुन्हा मोजतो आणि जर्नलमध्ये फक्त 'बरोबर' आकडे सुवाच्य अक्षरांत उतरवतो. आपणही त्यालाच गुण देतो. तो काट्याचा सैल स्क्रू होता, वाचणाऱ्याची नजर तिरपी होती, की आणखी काही, हे पुढे कधीच कळत नाही. विचित्र वाचनावर एकच रेघ मारून, ते वाचता येईल असे ठेवून, शेजारी वेळ आणि साधनाचा क्रमांक लिहायला सांगितले तर? वर्षअखेरीस सगळ्या वह्या एकत्र पाहिल्यावर प्रयोगशाळेतली कोणती तराजू दुरुस्तीला पाठवायची, हे त्या खोडलेल्या ओळीच सांगतील.